छोट्या कोरींचा धागा : पिग्मी, हाब्रोसस, हास्टाटस आणि आपल्याकडचं पाणी

वाळूघड्याळ, टिळकवाडी

दुकानात कोरी (कोरीडोरास मासा) मागितला की ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "घाण खाणारा मासा आहे, दोन टाका, तळ साफ राहील." कोरी विष्ठा खात नाही आणि काचेवरच्या हिरव्या थराला तोंड लावत नाही. तो वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून सोडतो आणि त्यातले किडे, अळ्या, पडलेलं खाणं टिपतो. तळ साफ राहावा म्हणून तो आणायचा नसतो. तळ साफ ठेवणं आपल्याला जमत असेल तरच आणायचा.

धागा फक्त तीन बुटक्या जातींसाठी आहे. पिग्मिअस, म्हणजे पिग्मी, ब्राझीलच्या मदैरा नदीच्या खोऱ्यातला, दोन-अडीच सेंमीचा. नाकापासून शेपटीपर्यंत सलग काळी रेघ. हास्टाटस तेवढाच, पण शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका आणि त्याला पांढरट कड. हाब्रोसस व्हेनेझुएला-कोलंबियाकडचा, ओरिनोकोच्या खोऱ्यातला, किंचित मोठा. अंगावर तुटक डाग. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी कोरीडोरास वंशाची फोड केली. त्यात पिग्मिअस आणि हास्टाटस गॅस्ट्रोडर्मसमध्ये गेले, हाब्रोसस होप्लिसोमात. दुकानात जुनीच नावं चालतात, इथेही तीच वापरू.

घेताना दोन फसवणुकी होतात. पेपर कोरीची पिल्लं हाब्रोसस म्हणून खपवली जातात, ती पुढे सहा-सात सेंमीची होतात. पिल्लाचं डोकं आणि डोळा अंगाच्या मानाने मोठा दिसतो, त्यावरून ओळखा. दुसरी फसवणूक ओटोसिंक्लसची. त्यालाही आडवी काळी रेघ असते, पण तो तोंडाने काचेला चिकटतो. कोरी चिकटत नाही.

टाकी २ फूट × १ फूट × १ फूट. मापाने ५४ लिटर भरते. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी साधारण ४५ लिटर. त्यात एकाच जातीचे १० ते १२. तीन पिग्मी, तीन हाब्रोसस अशी मिसळ करू नका. कमी संख्येत ते कोपऱ्यात दबून बसतात आणि खायला बाहेर येत नाहीत. उंच टाकीपेक्षा पसरट टाकी बरी.

प्रश्न विचारताना पाणी कुठलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) किती, पीएच (आंबटपणाचा आकडा) किती, टाकी लावून किती दिवस झाले एवढं लिहा. बेळगावच्या नळाला राकसकोप नाहीतर हिडकल धरणाचं पाणी, खानापूरकडे विहिरीचं मऊ पाणी, अथणीकडे बोअरचं. एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर मासा मरतो.

चिकोडी_नवखा

टाकी २ फुटी, नळाचं पाणी, टीडीएस २१०, पीएच मोजलेला नाही. लावून सहा दिवस. तळाला रंगीत खडे. आठ पिग्मी सोडले, त्यातले दोन गेले, पोटाखाली लालसर दिसतंय. उरलेले सारखे वर येऊन हवा घेताहेत. मिशा आखूड वाटतात. काय करू?

निपाणीकर

मीठ टाका. लिटरला तीन ग्रॅम. सगळ्या माशांना चालतं.

मॉसवाली, शहापूर

निपाणीकर, थांबा. कोरीला लिटरला तीन ग्रॅम मीठ नको. मोली-गप्पीचा हिशोब इथे लागत नाही.

नवखा, सहा दिवसांची टाकी म्हणजे अमोनियाची टाकी. माशांच्या घाणीतून निघणारा अमोनिया पचवणारे जिवाणू तिच्यात अजून वाढलेले नसतात. पोट लाल होतं कारण मासा त्या घाणीवर पोट टेकून बसतो. खाली अमोनिया आणि रोगाचे जिवाणू, वर नाजूक कातडी. आत्ता करायचं ते या क्रमाने :

१. अर्धं पाणी काढा. नवीन पाणी त्यातलं क्लोरीन घालवून, त्याच तापमानाचं घाला. उद्या परत तेवढंच.
२. दोन दिवस खाणं बंद. उपाशी राहून पिग्मी दोन दिवसांत मरत नाही, अमोनियाने मरतो.
३. ज्याची टाकी सहा महिने चालू आहे आणि रोगराई नाही, त्याच्या फिल्टरमधला स्पंज आणून आपल्या टाकीत लावा. आणताना ओलाच ठेवा, डब्यात पाणी घालून. नळाखाली पिळलात तर त्यातले जिवाणू क्लोरीनने गेले.
४. एअर स्टोन जोरात सोडा.

नायट्राइट (अमोनिया पचताना मधे तयार होणारं विष) मोजून निघालं तर मात्र थोडं मीठ उपयोगी आहे. मिठातला क्लोराइड कल्ल्यांवर नायट्राइटला आत शिरू देत नाही. पण त्याला ४५-५० लिटरला ५ ग्रॅम पुरे होतं. म्हणजे निपाणीकरांच्या तीसपटीने कमी.

निपाणीकर

बरोबर आहे की. ताई, नायट्राइट असतानाच घालायचं, हे लक्षात ठेवतो.

वाळूघड्याळ

वर येऊन हवा घेण्याबद्दल. कोरी हवा गिळतो आणि आतड्याच्या मागच्या भागातून प्राणवायू शोषतो. अधूनमधून एखाद्याने सुळकन वर जाऊन येणं हे त्याचं रोजचं वागणं आहे. सगळेच मिनिटा-दोन मिनिटाला वर धावू लागले तर पाण्यात प्राणवायू कमी आहे किंवा कल्ले भाजलेत. म्हणून झाकणाखाली दोन-तीन सेंमी मोकळी हवा ठेवायचीच आणि तरंगत्या वनस्पतींनी सगळा पृष्ठभाग झाकू द्यायचा नाही.

उद्यमबाग

खड्यांबद्दल सांगतो. रंगीत खडे काढा. एक तर रंग सुटतो, दुसरं म्हणजे दोन खड्यांच्या मध्ये दाणा पडला की तिथं कोरीचं तोंड पोचत नाही. तो दाणा कुजतो. मासा त्यावरच मिशा घासतो.

वाळू किती लागेल? ६० × ३० सेंमी तळ, थर अडीच सेंमी, म्हणजे साडेचार लिटर. वजनाने सुमारे ७ किलो. जास्त जाड थर घालू नका, खाली काळी पडते आणि सडक्या अंड्याचा वास येतो.

आपल्याकडे फौंड्रीमुळं सिलिका वाळू मिळते. पण घेताना तीन गोष्टी बघा की. एक, वाळू नवी, धुतलेली, न वापरलेली पाहिजे. साच्यातून निघालेल्या वाळूत बेंटोनाइट आणि कोळशाची पूड असते, ती फुकट दिली तरी घेऊ नका. दोन, शेल मोल्डिंगची पिवळसर वाळू रेझिन लावलेली असते, तीही नको. तीन, एएफएस नंबर विचारा. नंबर वाढेल तशी वाळू बारीक. ३५-४० नंबर म्हणजे दाणा ०.४ मिलिमीटरच्या जवळपास, पिग्मीला बेस्ट. ६० च्या पुढं गेलात तर पाणी हललं की उडते आणि मोटरवाल्या फिल्टरच्या पंख्यात जाऊन बसते.

कोरडी सिलिका वाळू हवेत उडवत चाळू नका. तिची धूळ फुप्फुसाला वाईट. आधी ओली करा, मग बादलीत हात फिरवून धुवा. दहा-बारा पाण्यांनंतर गढूळपणा जातो.

एम-सँड नको. दगड फोडून केलेली असते, दाण्याला धार असते. कारवार-गोव्याकडची समुद्राची वाळू आणलीत तर त्यात शिंपल्याचा चुरा येतो, पाणी जड होत जातं. वाटीत वाळू घेऊन वर व्हिनेगर ओता. फसफसली तर चुना आहे, नको.

मॉसवाली

उद्यमबाग अण्णा, एका बाबतीत माझं मत वेगळं. मिशा झिजण्याचं खापर नेहमी धारदार खड्यांवर फुटतं. खरं कारण बहुतेक वेळा तळातली घाण असते. गुळगुळीत वाळू आणि महिनाभर न उपसलेला तळ, या टाकीतही मिशा जातात. उलट खडबडीत तळ स्वच्छ असला तर मिशा टिकतात. जिवाणू मिशांच्या टोकाला लागतात आणि ती खुंटते. मूळ शाबूत असेल तर पाणी सुधारल्यावर परत वाढते, मुळापर्यंत गेली तर नाही.

उद्यमबाग

मान्य. तरी धार नको ती नकोच. धारेने ओरखडा आला की घाणीला वाट मिळते. दोन्ही सांभाळायचं.

सायफन वाळूत खुपसायचा नाही, एक-दीड सेंमी वर धरून गोल फिरवायचा. घाण उठते, वाळू बसते. आठवड्यातून एकदा बोटाने वाळू हलकेच हलवा, म्हणजे काळे खिसे तयार होत नाहीत.

चिकोडी_नवखा

पाणी अर्धं बदललं, स्पंज मिळाला. खडे काढतो. पुढच्या खेपेला टाकी आधी तयार कशी करायची?

घाटमाथा_खानापूर

मासे न घालता अमोनिया देऊन. कल्हईवाल्याचा नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइडच, पण बाजारातल्या खड्यात भेसळ असते. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात शुद्ध मिळतो, तो घ्या. ३ ग्रॅम नवसागर १०० मिली पाण्यात विरघळवा. ५० लिटरला त्यातलं १० मिली घातलं की साधारण २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनिया होतो. चमच्याच्या अंदाजाने घालू नका, पाव चमच्यातच तिप्पट पडतो.

मग रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं, थेंबांच्या किटने. पट्टीवर विसंबू नका. अमोनिया शून्यावर आला की परत १० मिली. आधी नायट्राइट चढतं, मग उतरतं. घातलेला अमोनिया २४ तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य, असं सलग दोन-तीनदा झालं की टाकी तयार. चार ते सहा आठवडे धरा. शेवटी मोठं पाणी बदलून नायट्रेट उतरवायचं आणि मासे सोडायचे.

आमच्या खानापूर, कणकुंबी, जांबोटीकडच्यांनी एक लक्षात ठेवा. हे जिवाणू काम करताना पाण्याचा क्षार, म्हणजे कार्बोनेट, खातात. आपलं पाणी मुळातच मऊ, टीडीएस ३०-४० असलं तर क्षार आठवड्यातच संपतो, पीएच सहाच्या खाली कोसळतो आणि सायकल, म्हणजे अमोनिया पचवण्याचं चक्र, अडकते. लोकांना वाटतं किट बिघडलं. खाण्याचा सोडा ५० लिटरला दीड ग्रॅम घातला की कार्बोनेट कडकपणा एक अंश चढतो. तीन अंशांसाठी साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. सायकल चालू असताना एवढा ठेवा. मासे सोडल्यावर सोडा रोज घालत बसू नका, फिल्टरमध्ये मूठभर शिंपले जाळीत बांधून ठेवा. पाणी आंबट होईल तसे ते आपोआप विरघळतात.

अथणी_बोअर

काय ओ, आमचं उलटं आहे. बोअरचं पाणी, टीडीएस ९२०, पीएच ८.१. ब्राँझ कोरी वर्षभर चालतात म्हणणारे आहेत इथं. पिग्मी चालतील काय?

वाळूघड्याळ

ब्राँझ आणि पेपर पिढ्यान्‌पिढ्या फार्मवर वाढलेले, बरंच सोसतात. पिग्मी आणि हास्टाटससाठी टीडीएस ८० ते २५०, पीएच ६.५ ते ७.५ धरा. ९२० मध्ये चार दिवस चालले तरी त्याला टिकणं म्हणायचं नाही.

आरओचं पाणी मिसळा. बोअर ९००, आरओ ५०, हवं २५०, असं धरलं तर २० लिटरच्या कॅनमध्ये पावणेपाच लिटर बोअर आणि सव्वापंधरा लिटर आरओ. मिसळल्यावर मीटर लावून खात्री करा. नुसतं आरओ घालू नका, खानापूरकरांनी सांगितलेला पीएच कोसळण्याचा प्रकार तिथेही होतो.

तुमच्या पाण्यात अमोनियाचा धोकाही जास्त. अमोनिया दोन रूपांत असतो, त्यातलं एकच विषारी. पीएच ७ ला विषारी भाग जेवढा, त्याच्या सुमारे दहापट पीएच ८ ला. म्हणजे किटवर तोच आकडा दिसला तरी पीएच ७ च्या टाकीत मासा सुस्त पडेल आणि अथणीला मरेल.

आणि बोअरचं नायट्रेट एकदा तपासा. ऊसपट्ट्यात खत जमिनीतून खाली उतरतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. टाकीत ते २० च्या आसपास असलेलं बरं. नळातूनच ५० येत असेल तर पाणी बदलून उतरणार कसं?

अथणी_बोअर

आरओ भरून आणतो मग. मे महिन्यात टाकीचं पाणी ३२ ला जातंय, त्याचं काय?

उद्यमबाग

टाकीचं झाकण काढा, जाळी ठेवा आणि कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा पाण्यावर तिरका सोडा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. उडालेलं पाणी आरओनेच भरा. वाफ होते ती नुसत्या पाण्याची, क्षार मागेच राहतात. बोअरने भरत गेलात तर महिन्यात टीडीएस कुठल्या कुठं जातो.

बर्फाचा हिशोब असा. एक लिटरची गोठवलेली बाटली ५० लिटरला साधारण दोन अंशाने थंड करते. एकदम दोन बाटल्या टाकू नका, अर्धा लिटरच्या दोन, चार तासांच्या अंतराने. हवा चालू ठेवा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो.

थंडीत उलटं. बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १४-१५ ला येतो. लिटरला एक वॉट धरून ५० वॉटचा हीटर, २३ वर. पाणी बदलताना हीटरची पिन काढा. काच उघडी पडून गरम झाली की तडकते.

निपाणीकर

वळवाच्या दिवसांत लाईट जाते त्याचं?

उद्यमबाग

यूएसबीचा छोटा एअर पंप आणि १०,००० चा पॉवर बँक. रात्र सहज निघते. स्पंज फिल्टर हवेवरच चालतो म्हणून हा एकच पंप फिल्टरही चालवतो. छोट्या कोरींसाठी स्पंजच बरा, मोटरच्या फिल्टरचं तोंड पिल्लं ओढून घेतं. मोटरचाच असेल तर तोंडाला स्पंज घाला.

पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, नाहीतर नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह बसवा. लाईट गेली की पाणी नळीतून उलटं येतं आणि पंपात शिरतं. व्हॉल्व्ह दहा-वीस रुपयाचा आहे ओ, तेवढ्यात कंजुषी नको.

चिकोडी_नवखा

नळाच्या पाण्याचं क्लोरीन एक दिवस ठेवून जातं ना?

घाटमाथा_खानापूर

साधं क्लोरीन जातं, उघड्या बादलीत हवा सोडून २४ तासांत. झाकणबंद बॅरलमध्ये नाही. क्लोरामाइन (क्लोरीन-अमोनियाचं संयुग) असेल तर तेही ठेवून जात नाही. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की शुद्धीकरणात क्लोरीन वाढवतात, म्हणून जूननंतर जास्त जपा. बादलीचं तोंड उघडल्यावर वास आला तर समजा.

हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, रसायनांच्या दुकानात स्फटिकरूपात मिळतं. १० ग्रॅम १०० मिलीत. २० लिटरच्या बादलीला २ मिली. एवढ्यात लिटरला सुमारे १.४ मिलिग्रॅम क्लोरीन मरतं. पिण्याच्या पाण्याच्या मानकात नळाला किमान ०.२ राहावं असं आहे, तेव्हा रोजच्याला हे भरपूर झालं.

निपाणीकर

मासे ऑनलाइन मागवायचे झाले तर? कोलकात्याहून किंवा चेन्नईच्या कोळत्तूरहून पिशवीत दोन दिवस येतात. थेंब-थेंब पाणी सोडत तासभर सवय लावायची, बरोबर?

वाळूघड्याळ

हो, पाऊण ते एक तास थेंब सोडा. एकदम पाणी बदललं की झटका बसतो.

मॉसवाली

दादा, इथे नाही म्हणावं लागेल. गावातल्या दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्या पिशवीला थेंबाची पद्धत बरोबर. दोन दिवस बंद असलेल्या पिशवीला नाही. त्या पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच खाली जातो, त्यामुळे साठलेला अमोनिया बिनविषारी रूपात असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच वर येतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्या पाण्यात मासा तासभर ठेवला तर आपणच त्याला भाजतोय.

लांबच्या पिशवीसाठी : न उघडता १५-२० मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, तापमान जुळवा. मग उघडा, पिशवीचं पाणी बादलीत गाळून लगेच मासे टाकीत. टाकीचं टीडीएस विक्रेत्याला आधी विचारून जवळपास ठेवलेलं असावं, ही अट मात्र आहे. पिशवीचं पाणी टाकीत ओतायचं नाही.

जाळीने पकडू नका. पाठीच्या आणि बाजूच्या पराचा पहिला काटा ताठ होऊन अडकतो आणि जाळीत गुंततो. ओढलं तर पर फाटतो. जाळीचा धागा कात्रीने कापा, जाळी पन्नास रुपयांची आहे. प्लॅस्टिकच्या पारदर्शक डब्यात हाकलून पकडणं सोपं. याच काट्यांनी पिशवीला भोक पडतं म्हणून कोरी दुहेरी पिशवीत आणि कोपरे दुमडून बांधलेले असावेत.

वाळूघड्याळ

ताईंचं पटलं. माझं वरचं उत्तर फक्त जवळच्या दुकानापुरतं समजा.

चिकोडी_नवखा

खायला काय? सध्या तरंगणारे दाणे घालतो.

वाळूघड्याळ

वरचे मासे ते संपवतात, खाली काही पोचत नाही आणि पिग्मीचं पोट आत जातं. बुडणारे दाणे घ्या आणि खलबत्त्यात रव्याएवढे बारीक करा, अर्धा-एक मिलिमीटर. पिग्मीचं तोंड मोहरीच्या दाण्याएवढंही नाही. दिवा मालवल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी घाला. दहा-बारा माशांना चिमटीत मावेल एवढं. सकाळी उरलेलं दिसलं तर उद्या कमी.

आठवड्यातून दोन-तीनदा आर्टेमिया, मोइना किंवा गोठवलेलं डॅफ्निया (हे सगळे पाण्यातले बारीक जीव). नाल्यातून काढलेले जिवंत ट्युबिफेक्स (लाल बारीक जंत) टाळा, रोग तिथूनच येतात. पोट बघायचं ते वरून किंवा समोरून : किंचित गोल पाहिजे. आत गेलेलं असेल तर बाकी सगळं सोडून आधी खाणं सुधारा.

सोबतीला एम्बर टेट्रा, छोटे रासबोरा, चेरी कोळंबी. एंजल, गोल्डफिश, मोठे सिक्लिड नकोत. एंजलने पिग्मी गिळला तर काटे घशात अडकून दोघंही जातात.

आणखी एक. पिग्मी आणि हास्टाटस सारखे तळाला बसत नाहीत. मधल्या थरात थव्याने तरंगतात, पानावर टेकतात. आजारी आहे म्हणून औषध ओतू नका. हाब्रोसस मात्र तळाशीच असतो.

आणि खरंच औषध द्यायची वेळ आली, पांढरे ठिपके वगैरे, तर मॅलाकाइट ग्रीन-फॉर्मेलिनवाल्या औषधाचा अर्धा डोस, जास्त हवा, रोज थोडं पाणी बदलून. तांब्याचं औषध असेल तर कोळंबी आधी दुसरीकडे हलवा.

घाटमाथा_खानापूर

मॉसवाली ताई, अंड्यांबद्दल लिहा की. पाऊस सुरू झालाय.

मॉसवाली

लिहिते. पाऊस सुरू झाल्यावर पाणी थोडं थंड आणि मऊ होतं, त्यांच्या नदीतही तसंच होतं, त्याच इशाऱ्यावर ते अंडी घालतात. आधी आठवडाभर जिवंत खाणं द्या, रोज. माद्या वरून पाहिल्या तर पोटापाशी रुंद दिसतात. मग संध्याकाळी पाव टाकी पाणी काढून तीन अंश थंड, कमी टीडीएसचं पाणी घाला. दोन-तीन दिवस लागोपाठ. सकाळी बघा.

मादी नराच्या पोटाशी तोंड लावते, इंग्रजी टी अक्षरासारखी दोघांची जोडणी होते. मग पोटाखालच्या परांच्या खोबणीत एक-दोन अंडी धरून ती काचेवर, पानाखाली, जावा मॉसमध्ये चिकटवते. पिग्मी सुटी सुटी लावतो, ब्राँझसारखा घोस नाही, म्हणून शोधावी लागतात. अंडं मिलिमीटरभर.

मॉस दाट असेल आणि टाकीत फक्त पिग्मीच असतील तर काहीही न करता दोन-चार पिल्लं वर येतात. जास्त हवी तर अंडी बोटाने लोटून काढा. ताजी असतात तेव्हा मऊ, काही तासांनी टणक होतात. टणक झाल्यावर काढलेली फुटत नाहीत. दोन-तीन लिटरच्या डब्यात टाकीचंच पाणी, मंद हवा, मिथिलीन ब्लू फिकट आकाशी दिसेल इतकंच किंवा देशी बदामाचं एक वाळलेलं पान. पांढरी पडलेली अंडी रोज ड्रॉपरने काढा, एक बुरशीचं अंडं शेजारची चार खातं. २५ अंशाला तीन-चार दिवसांत फुटतात. पुढचे दोन दिवस पिल्लू पोटातल्या पिवळ्या पिशवीवर जगतं, तेव्हा खाणं घातलंत तर ते नुसतं सडतं.

त्यानंतर व्हिनेगर ईल किंवा मायक्रो वर्म (दोन्ही अगदी बारीक जंत), चार-पाच दिवसांनी ताजे आर्टेमिया. आर्टेमियासाठी १ लिटर पाणी, २५ ग्रॅम खडे मीठ, चिमूटभर सोडा, चहाचा अर्धा चमचा अंडी, उलटी बाटली, जोराची हवा, दिवा. २७ अंशाला २४ तास. पावसाळ्यात खोली २२ ला असेल तर दीड दिवस लागतो. बाटली मोठ्या पातेल्यात कोमट पाण्यात ठेवली तर वेळेत होतं. हवा बंद करून तळाशी दिवा धरा, नारिंगी पिल्लं उजेडाकडे येतात, टरफलं वर राहतात. कापडावर गाळून गोड्या पाण्याने धुवा, मग द्या. टरफलं गेली तर पिल्लाचं पोट तुंबतं.

पिल्लांच्या डब्यात वाळू लागत नाही, घातलीच तर पातळसा थर. रोज दहा टक्के पाणी, त्याच तापमानाचं, नळीने थेंब-थेंब. पिल्लं मरतात ती बहुतेक उरलेल्या आर्टेमियाच्या सडण्याने. एखादी गोगलगाय सोडून ठेवा, ती उरलेलं खाते.

घाटमाथा_खानापूर

हे मऊ पाणी पागोळ्यांखाली धरलेलं चालेल का? आमच्याकडे मंगलोरी कौलं आहेत.

मॉसवाली

कौलांचं चालेल. मृगाचे पहिले आठ-दहा दिवस जाऊ द्या, तोवर धूळ, शेवाळ आणि पक्ष्यांची घाण वाहून जाते. कापडातून गाळून दोन दिवस निवळत ठेवा. शेजारी जस्ताच्या पत्र्याचं पडतं ते घेऊ नका, जस्त उतरतं. आणि चौथा हिस्सा विहिरीचं मिसळाच, नुसतं पावसाचं पाणी म्हणजे परत तुमचा पीएच कोसळला.

चिकोडी_नवखा

अमोनिया आज ०.२५ आला. सहाही जिवंत आहेत. पाणी परत बदलू का?

मॉसवाली

बदला. पाव टाकी, आणि उद्या मोजून सांगा. खाणं परवापासून, अर्धी चिमूट.